दरवाजे घासायचे थांबव, आधी हे वाच

सुन्या,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास ना भो, की दिवाळीच्या आत पंचवटीतल्या वाड्याचे दरवाजे-खिडक्या घासून नवा ऑइलपेंट मारायला काढलाय, आणि पिल्लू दिवसभर त्या भुशात लोळतंय, आंघोळ घालता घालता वहिनी वैतागली. मी तेव्हा हं हं करून फोन ठेवला. बोलायला गेलो असतो तर रडलो असतो, आणि दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. म्हणून लिहितोय. जुन्या रंगाच्या त्या भुशात शिसं असू शकतं.

माझ्या चिऊचं तुला अर्धंच सांगितलंय. उन्हाळ्यापासून तिचं पोट दुखायचं, जेवायची नाही, उगाच किरकिर, शी दोन-दोन दिवस नाही. जंताचं औषध झालं, आईनं मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, मग रक्त कमी म्हणून टॉनिक झालं. शेवटी सिडकोतल्याच एका डॉक्टर बाईंनी तिला तपासता तपासता माझ्या नखांकडे बघितलं आणि विचारलं, काम काय करता? म्हटलं बॅटरीचं दुकान आहे अंबडला. त्यांनी लगेच रक्तातलं शिसं तपासायला लिहून दिलं. सॅम्पल मुंबईला गेलं, चार दिवसांनी रिपोर्ट आला, डेसिलिटरला, म्हणजे १०० मिली रक्ताला, १९ मायक्रोग्राम. मला वाटलं १९ म्हणजे काय, १०० पैकी असेल. बाई म्हणाल्या, अमेरिकेत ३.५ च्या वर गेलं की पोराकडे लक्ष द्यायला सुरुवात करतात, आणि सुरक्षित असा आकडाच नाही.

आता ऐक ते कुठून आलं. तुला माहितीये मी जुन्या पाण्याच्या बॅटऱ्या उघडतो, प्लेटा काढतो, टर्मिनल झिजलं असेल तर पळीत शिसं वितळवून नवीन ओततो. ते काम दुकानातच राहतं अशी माझी समजूत. पण तोच शर्ट घालून घरी यायचो, चिऊ दारातच गळ्यात पडायची, मग शर्ट खुंटीला आणि सकाळी तिच्या फ्रॉकांसोबत त्याच बादलीत. आणि ह्याहून वाईट म्हणजे तिच्या भातुकलीच्या तराजूला वजनं नव्हती म्हणून मीच तिला ओतून उरलेले शिशाचे गोल तुकडे आणून दिले होते. चार तुकडे. एकावर दातांच्या खुणा होत्या रे. शिशावर चार वर्षांच्या पोराचे दात पण उमटतात, इतकं ते मऊ. ते तुकडे मी अजून फेकलेले नाहीत, डब्यात बंद आहेत, का ठेवलेत मलाच कळत नाही.

बाईंनी समजावलं ते असं, की शरीराला शिसं म्हणजे कॅल्शियम वाटतं, म्हणून ते हाडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं बसतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेलं बरंचसं बाहेर पडतं, लहान मूल चार-पाच पट जास्त ओढून घेतं, त्यात लोह कमी असेल तर अजूनच, आणि मेंदू तर तेव्हाच घडत असतो. त्यातलं जे बिघडतं ते परत भरून येत नाही. ४५ च्या वर असतं तर काढायची औषधं देतात, १९ ला नाही देत. शिसं यायचा रस्ता बंद करा, लोहाचं औषध द्या, नाचणी-दूध पोटात जाऊ द्या आणि तीन महिन्यांनी परत तपासा, बस.

मग काय, आता दुकानातच अंघोळ करतो, कपडे तिथंच धुतो, घरात कोरडा झाडू बंद, ओलं फडकं. परवा परत तपासलं, १२ आलं. बायको पेढे आणू म्हणाली. मला पेढे आणवेनात.

आणि आपलं एकट्याचं नाहीये हे. युनिसेफचा २०२० चा रिपोर्ट आहे, जगात ८० कोटी पोरांच्या रक्तात ५ च्या वर शिसं, त्यातली जवळपास २७.५ कोटी भारतातली. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली बंद झालं तरी ही गत, कारण शिशाच्या बॅटऱ्या आता गल्लोगल्ली फुटतात. मी जुन्या बॅटऱ्या ज्याला विकायचो तो पत्र्याच्या शेडमागं रात्री शिसं वितळवायची भट्टी लावतो, त्याची दोन पोरं तिथंच खाटेवर झोपतात. त्याला म्हटलं पोरांची टेस्ट करून घे, पैसे मी देतो. हसला. म्हणे शेठ, आमची पोरं भंगारातच वाढली, त्यांना काय होतंय. लायसनवाला रिसायकलर किलोमागं कमी देतो म्हणून मी इतकी वर्षं ह्याच्याकडेच माल टाकत होतो, ते कुठल्या तोंडानं त्याला सांगू? आत्ता अकरा बॅटऱ्या दुकानात पडून आहेत, दर दोन दिवसांनी त्याचा थोरला विचारायला येतो.

असो, तुझं बघ. आजोबांच्या वेळचा तो हिरवा रंग, त्याच्यावर चॉकलेटी, त्याच्यावर तुझ्या लग्नातला पांढरा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत पाहिजे हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासूनचा, त्याआधीच्या थरात काय आहे ते देव जाणे. त्या पापुद्र्याची चव गोडसर असते म्हणतात, म्हणून पोरं परत परत तोंडात घालतात. पिल्लूला आणि वहिनीला सिन्नरला पाठव, वहिनीला दिवस गेलेत तर आधी तिला. घासणाऱ्या पोरांना कोरडं घासू देऊ नको, गरम हवेच्या हीटगनने तर अजिबात नाही, पाणी मारून ओलं घासायचं, खाली प्लास्टिक, आणि तो सगळा लगदा बांधून टाकायचा, अंगणात झटकायचा नाही. त्या पोरांना पण मास्क दे, त्यांच्या घरी पण लहान पोरं असतील. आणि पिल्लूचं रक्त तपास, नाटकं करू नको.

रविवारी मी येतो मदतीला, जुने कपडे घेऊन. चिऊला आणत नाही.

तुझा,
बाळ्या