राजीनामे ‘येतात’ कसे?

हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत हल्ली नोकरकपात होत नाही, राजीनामे ‘येतात’. शेजारच्या मुलाला कंपनीने मीटिंगला बोलावले, लॅपटॉप जमा करून घेतला आणि ‘संध्याकाळपर्यंत राजीनामा टाक, नाहीतर अनुभवाचे पत्र विसर’ असे सुनावले. टीसीएसने जुलै २०२५मध्ये सुमारे १२ हजारांच्या कपातीची निदान जाहीर घोषणा तरी केली. राजीनाम्यावर सही घेतली की मात्र कंपनीची कपातीची भरपाई टळते, कामगार आयुक्तांकडच्या तक्रारीतही दम उरत नाही. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता मात्र पाच तारखेला कापला जातोच. आयुक्तालयाने आठवड्यातून एकदा हिंजवडीतच तक्रारी ऐकाव्यात आणि दबावाखालच्या राजीनाम्यांची स्वतःहून चौकशी करावी.

– एक वाचक, वाकड, पुणे