सकाळच्या व्यायाम गटासाठी सूचना

मंडळी, उद्यापासून जोर-बैठका झाल्या की प्लँक (कोपरं आणि पायाची बोटं टेकून अंग सरळ ताठ धरणं) आणि भिंतीला पाठ टेकून ‘खुर्ची’ (खुर्चीवर बसल्यासारखी स्थिती) धरायची आहे. प्रत्येकी २० सेकंद, तीन वेळा. मध्ये मिनिटभर विसावा.

कळकळीची विनंती, स्थिर राहताना श्वास रोखू नका. श्वास कोंडला की रक्तदाब झपकन चढतो. काल करून पाहताना दोघांचे चेहरे लालबुंद झाले होते, म्हणून सांगते. मोठ्याने आकडे मोजा, श्वास आपोआप चालू राहतो. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

प्लँकमध्ये कंबर झोळीसारखी लोंबायला लागली की थांबा, सेकंद किती झाले ते बघू नका. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत अर्ध्यावरच थांबा.

रबरी चटई घरून आणा, दवामुळे फरशी निसरडी असते.