अळंबी ही वनस्पती नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत गेल्या आठवड्यात सजीवांच्या वर्गीकरणावर आलेला लेख वाचला. लेख सुबोध आहे. परंतु त्यात एकीकडे सजीवांच्या पाच सृष्टी, म्हणजे पाच मोठे गट, सांगून पुढच्याच परिच्छेदात अळंबीला ‘हरितद्रव्य नसलेली वनस्पती’ म्हटले आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ व्हिटेकर यांनी १९६९ साली पंचसृष्टी वर्गीकरण मांडले, त्यात अळंबी ज्यांत मोडते त्या कवकांची सृष्टी वनस्पतींपासून वेगळीच आहे, आणि तीही नुसते हरितद्रव्य नाही म्हणून नव्हे. कवके अन्न शरीराबाहेर पचवून मग शोषून घेतात. त्यांच्या पेशीभित्तिकेत कायटिन हे चिवट द्रव्य असते, जे कीटकांच्या कवचातही आढळते. आणि ती साठा करतात तो स्टार्चचा नव्हे, तर आपल्या यकृतासारखा ग्लायकोजेनचा. जनुकांची तुलना केल्यावरही अळंबीचे नाते झाडांपेक्षा प्राण्यांशीच अधिक जवळचे निघाले आहे.

या पाच सृष्टी म्हणजे निसर्गाने आखून दिलेल्या सीमा असाव्यात, असा लेखाचा सूर आहे, तोही खटकला. मी अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले. डबक्यातल्या पाण्याच्या थेंबात युग्लीना ही एकपेशीय जीव सापडली की वर्गात वाद ठरलेला असे. ती हिरवीगार, म्हणून वनस्पती म्हणावी, तर कशाभिका (चाबकासारखा धागा) हलवत, अंग आखडत आणि पसरत ती सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टिक्षेत्रातून पळून जाते. अंधारात ठेवली तर पाण्यातले सेंद्रिय पदार्थ शोषून तग धरते. अठराव्या शतकातील वर्गीकरणकार लिनिअसच्या वनस्पती आणि प्राणी या दोन सृष्टींत तिला धड जागा नव्हती. अशाच जीवांसाठी जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांनी १८६६ मध्ये प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी सुचवली. व्हिटेकर यांची मांडणीही फार काळ निर्वेध राहिली नाही. १९७७ साली वूझ आणि फॉक्स या शास्त्रज्ञांनी मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रायबोसोमल आरएनए (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतला रेणू) तपासला, तेव्हा दिसायला जीवाणूंसारखे असलेले हे जीव त्यांच्यापासून फार दूरचे ठरले आणि जीवाणूंसारख्या केंद्रकविरहित जीवांची ‘मोनेरा’ ही सृष्टीच दुभंगली. १९९० मध्ये मांडलेल्या तीन डोमेनच्या (सृष्टींहूनही मोठ्या विभागांच्या) रचनेत प्राणी, वनस्पती आणि कवके ही तिन्ही एकाच डोमेनमध्ये येतात. पाठ्यपुस्तकात सोयीसाठी पाच सृष्टी शिकवायला हरकत नाही, मात्र कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे हे विभाग पाडले, ते सोबत सांगायला हवे.

लेखाच्या शेवटी अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलर यांनी १९५३ साली ‘प्रयोगशाळेत जीव घडवला’ असे विधान आहे. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांच्या मिश्रणातून विजेच्या ठिणग्या सोडल्यावर त्यांना मिळाली ती अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक. तेथून स्वतःची प्रत काढणाऱ्या पेशीपर्यंतचा टप्पा कसा गाठला गेला, हे आजही उलगडलेले नाही.

पुरवणीची कात्रणे विद्यार्थी जपून ठेवतात, म्हणून निदान अळंबी आणि मिलर यांच्याविषयीची दुरुस्ती पुढील अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक