ओठाला नऊ टाके घालून परत आलेला

मनिलाचा उपसागर, नांगरावर
रविवार, रात्र

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज गुरुवारी मिळाला. भर समुद्रात नेट नव्हतं. उपसागरात शिरलो आणि फोन एकदम किणकिणायला लागला. त्या गर्दीत तुझ्या तीन ओळी: गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बॉल पुतण्याला देऊन टाकला, आता ग्राउंडकडे फिरकायचं नाही असं ठरवलंय. मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. याचं उत्तर मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून वही काढून बसलोय. उद्या एजंटची बोट येईल, तिच्यासोबत हे पत्र किनाऱ्यावर जाईल. तुला मिळेपर्यंत पंधरा दिवस तरी जातील, पण घाई कसली आहे? गुडघाही तोवर थोडा वाकायला लागेल.

तुला एका माणसाबद्दल सांगायचंय. रॉबर्ट जावोर्स्की, फिलिपिन्सचा बास्केटबॉल खेळाडू. इथले लोक त्याला नुसतं ‘जावो’ म्हणतात, किंवा ‘बिग जे’. आपण मिरजेला एवढी वर्षं बास्केटबॉल खेळलो, भिंतीवर अमेरिकन खेळाडूंची पोस्टरं लावली, पण हे नाव कधी आपल्या कानावर आलं नाही, याचं मला आता खरंच वाईट वाटतं.

आमच्या जहाजावर वीस माणसं, त्यातले तेरा फिलिपिनो. फिटरने पाइप वाकवून रिंग केलीय आणि ती मागच्या डेकवर वेल्ड केलीय. जाळी जुन्या दोरखंडाचे पीळ सोडवून विणलेली. बॉल समुद्रात जाऊ नये म्हणून तिन्ही बाजूंनी माशांचं जाळं ताणलंय. संध्याकाळी पाचनंतर वॉचवर नसलेला प्रत्येक जण तिथे असतो. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, त्रेपन्न वर्षांचा आहे, पायात रबरी चपला घालून खेळतो आणि त्या चपलांवर असा गर्रकन वळतो की मी बुटांत असूनही मागे पडतो. सगळे त्याला ‘कुया’ म्हणतात, म्हणजे दादा. मीही म्हणतो. त्याचाही एक गुडघा कामातून गेलाय. मेसमध्ये तो मला रोज थोडं थोडं जावोबद्दल सांगतो, आणि सांगताना त्याचा आवाज बदलतो.

जावोचा जन्म १९४६ चा, बागिओ या डोंगरातल्या गावचा. वडील पोलिश वंशाचे अमेरिकन, आई फिलिपिनो. कॉलेज युनिव्हर्सिटी ऑफ द ईस्ट, आणि तिथे प्रशिक्षक मिळाला बेबी डालुपान. हे नाव लक्षात ठेव, पुढे लागेल. एकविसाव्या वर्षी तो राष्ट्रीय संघात होता, आणि १९६७ ला सोलमध्ये फिलिपिन्सने आशियाई अजिंक्यपद जिंकलं. गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा, असूनही अंगाने दांडगा, बचाव असा की समोरच्याला दुसऱ्या दिवशीही आठवावा. आपल्याकडे गार्ड म्हटलं की चपळ, सडपातळ पोरगा डोळ्यांसमोर येतो. हा तसा नव्हता. हा वाट काढायचा नाही, वाट करायचा.

आता एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. कुयानेही लपवली नाही. १९७१ च्या डिसेंबरात जावोचा संघ मेराल्को आणि क्रिस्पा यांच्या सामन्यात जावो आणि त्याचा साथीदार आल्बर्तो रेनोसो यांनी पंचांना मारलं. शिवीगाळ नव्हे, धक्काबुक्की नव्हे, मारलं. दोघांवर आजन्म बंदी आली. माझ्या मते ती योग्यच होती. पंचावर हात उचलणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, मग तो कितीही मोठा असो. पण १९७३ मध्ये बंदी उठली, कारण आशियाई स्पर्धा मनिलातच भरणार होती आणि देशाला तो हवा होता. फिलिपिन्सने ती जिंकली. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेसाठी हा संघ पोर्तो रिकोला गेला. मी कुयाला विचारलं, लोकांनी त्याला माफ केलं का? कुया म्हणाला, माफ नाही केलं, सोबत घेतलं. हे वाक्य मी अजून डोक्यात घोळवतोय.

१९७५ मध्ये पीबीए, म्हणजे फिलिपिन बास्केटबॉल असोसिएशन, सुरू झाली. आशियातली ही पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. हिची एक गंमत बघ. संघ शहरांचे नाहीत, कंपन्यांचे आहेत. गाडीवाले, कापडवाले, दारूवाले. सामने बहुतेक मनिलाच्या त्याच दोन-तीन मैदानांवर. त्यामुळे कुठला संघ आपला हे गावावरून ठरत नाही, माणसावरून ठरतं. जावो टोयोटाकडून खेळायचा आणि समोर क्रिस्पा, ज्याचा प्रशिक्षक तोच डालुपान, त्याचा कॉलेजचा गुरू. या दोन संघांनी देश दोन भागांत वाटला. घराघरांत, रिक्षास्टँडवर, अगदी एका ताटात जेवणाऱ्या भावाभावांत. १९७७ मध्ये सामन्यानंतर एवढी हाणामारी झाली की दोन्ही संघांच्या खेळाडूंना फोर्ट बोनिफासिओच्या लष्करी छावणीत नेऊन डांबलं. मार्शल लॉचे दिवस होते. दुसऱ्याच वर्षी, १९७८ मध्ये, जावो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मग टोयोटा बंद पडली. १९८४ च्या सुरुवातीला कंपनीने संघ विकला आणि संघाबरोबर खेळाडूही नव्या मालकाकडे जाणार असं ठरलं. जावो आणि फ्रान्सिस अर्नाइस, दोघांनी नकार दिला. माल विकावा तसं आम्हाला विकू नका, हा त्यांचा मुद्दा होता. ते दोघे एका जिनच्या कंपनीच्या संघात गेले, तोच पुढे हिनेब्रा झाला. (लिहिताना ‘गिनेब्रा’ दिसतं, बोलताना ‘हिनेब्रा’. इथे चुकीचं म्हटलंस तर पाच जण एकदम दुरुस्त करतात.) हिनेब्रा म्हणजे गोदीतल्या हमालाची, मच्छीमाराची, रोजंदारीवाल्याची स्वस्त जिन. जावो तिथे गेला आणि हा संघच त्या माणसांचा झाला. १९८५ मध्ये तो खेळता खेळताच संघाचा प्रशिक्षकही झाला.

आता त्या रात्रीवर येतो. २२ ऑक्टोबर १९८५. समोर नॉर्दर्न कन्सॉलिडेटेड सिमेंटचा संघ. नाव कंपनीचं, पण खेळणारे राष्ट्रीय संघातले तरुण, अमेरिकन प्रशिक्षक रॉन जेकब्सने घडवलेले, वेगवान आणि शिस्तीचे. सामन्यात जेफ मूरचं कोपर जावोच्या तोंडावर बसलं आणि ओठ फाटला. रक्त थांबेना. त्याला सामन्यातून उचलून मेडिकल सिटी रुग्णालयात नेलं. नऊ टाके पडले. तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता, सुन्या. म्हणजे तुझ्याहून दोनच वर्षांनी लहान.

कुया तेव्हा तेरा वर्षांचा. तोंडोमध्ये राहायचा, मनिलाची गोदीकाठची वस्ती. घरात टीव्ही नव्हता. शेजाऱ्याच्या खिडकीबाहेर वीस-पंचवीस माणसं उभी होती, आणि हा एका बादलीवर उभा राहून बघत होता. हिनेब्रा पंधरा गुणांनी मागे पडला होता. काही जण घरी निघाले. आणि मग सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात जावो आत आला. ओठ सुजलेला, टाके ताजे. कुया सांगतो, टीव्हीचा आवाज एवढा वाढला की शेजाऱ्याला वाटलं कुणी बटण फिरवलं. कुणी फिरवलं नव्हतं. ते मैदानातले लोक होते.

आणि हे नीट वाच. त्याने येऊन गुणांचा पाऊस पाडला नाही. तो दिसला, आणि समोरच्या शिस्तीच्या पोरांचे हात थरथरायला लागले. त्याच्या स्वतःच्या पोरांना पाय फुटले. पंधरा गुणांची दरी भरली आणि हिनेब्रा जिंकला. ‘नेव्हर से डाय’ हे हिनेब्राचं ब्रीद त्या रात्रीपासूनचं. आज ते टीशर्टवर आहे, जीपनीच्या, म्हणजे इथल्या प्रवासी जीपच्या, काचेवर आहे. आमच्या इंजिनरूमच्या दारावर कुणीतरी खडूने लिहून ठेवलंय.

कुया बादलीवरून उतरला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बादली फुटलीय. आईने मारलं. ही गोष्ट सांगताना तो अजूनही हाताने बादलीचा तळ दाखवतो, कुठे तडा गेला होता ते.

त्यानंतरचं भराभर सांगतो. १९८६ ला बिली रे बेट्स आणि मायकल हॅकेट या दोन अमेरिकनांच्या जोरावर प्रशिक्षक म्हणून पहिलं विजेतेपद. १९९० ला बीजिंगच्या आशियाई खेळांत फिलिपिन्सने पहिल्यांदा व्यावसायिक खेळाडू पाठवले, प्रशिक्षक जावो, रौप्यपदक. १९९१ च्या अंतिम मालिकेत शेल कंपनीच्या संघाविरुद्ध तीन-एक असे मागे, तिथून सलग तीन सामने जिंकले. सातवा सामना १०४-१०२, शेवटच्या क्षणी रुडी डिस्ट्रिटोच्या एका बास्केटवर.

पण मला सर्वांत जास्त भिडलेली गोष्ट विजेतेपदाची नाही. टोयोटातला त्याचा साथीदार रामोन फर्नांडेझ, उंच, देखणा खेळ, इथल्या सर्वकाळच्या श्रेष्ठांपैकी एक. टोयोटा फुटली तेव्हा या दोघांचंही फाटलं. वर्षानुवर्षं बोलणं नाही. १९८९ मध्ये लीगचा पहिला ऑल-स्टार सामना झाला, ज्येष्ठांचा संघ विरुद्ध नव्या दमाचे, आणि ज्येष्ठांचा प्रशिक्षक कोण, तर डालुपान. त्याने दोघांना एकाच संघात घेतलं. गुण १३०-१३०, घड्याळ संपत आलेलं, चेंडू बाहेरून आत टाकायचा. टाकणारा फर्नांडेझ. त्याने पास दिला जावोला. जावोने ले-अप टाकला, रिंगच्या अगदी जवळून चेंडू आत सोडला, आणि सामना संपला. मग म्हाताऱ्या डालुपानने दोघांना मैदानाच्या मधोमध नेलं आणि हातात हात द्यायला लावले.

कुयाने हे सांगितलं तेव्हा मला तू आणि गण्या आठवलात. २००९ चा तो जिल्ह्याचा अंतिम सामना, त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. मी मध्ये पडायला हवं होतं. मी समुद्रावर निघून गेलो. हे मला बरीच वर्षं टोचतंय, आज लिहून टाकलं.

जावो पन्नाशी उलटेपर्यंत खेळला. १९९७ मध्ये एक्कावन्नाव्या वर्षी त्याची जर्सी अंगावर होती. शेवटची काही वर्षं तो बहुतेक बाकावरच असायचा, प्रशिक्षक म्हणून, पण कपडे खेळाडूचे. लोक ओरडायचे, जावो हवा, जावो हवा. मग तो उठायचा, दोन-चार मिनिटं आत जायचा. पाय जड झाले होते, उडी संपली होती, पण नजर आणि पास शाबूत होते. कारकिर्दीत ५,८२५ असिस्ट, म्हणजे साथीदाराच्या बास्केटला कारण ठरलेले पास, लीगच्या इतिहासात सर्वाधिक. हा आकडा मला फार बोलका वाटतो. एवढ्या आडदांड, तापट माणसाने सर्वांत जास्त काय केलं असेल, तर चेंडू दुसऱ्याच्या हातात दिला.

१९९८ ला लोकांनी त्याला सिनेटवर निवडून दिलं, एक मुदत तो सिनेटर होता. राजकारणातलं त्याचं काम मला फारसं मोठं वाटत नाही आणि कुयाही त्यावर काही बोलत नाही. २०१२ मध्ये हिनेब्राने त्याचा ७ नंबर कायमचा निवृत्त केला.

काल सकाळी चार तासांची सुट्टी मिळाली. कुयाने मला किनाऱ्यावर नेलं. एका गल्लीत रस्ता अडवून रिंग उभी केलेली, फळकुटाचा बोर्ड, खाली टायरमध्ये सिमेंट ओतून केलेला पाया. पोरं चपला घालून खेळत होती. कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, हातात कुबडी. खेळत नव्हता. पण दर दोन मिनिटांनी एखादं पोरगं धावत त्याच्याकडे यायचं, तो काहीतरी पुटपुटायचा, बोटाने जागा दाखवायचा आणि पोरगं परत आत. एकदा एका लहानग्याने चुकीचा पास टाकला, त्याने आधी रिंगकडे नाही बघितलं, आधी त्या खुर्चीकडे बघितलं.

मी तिथे बराच वेळ उभा होतो. मला आपलं ग्राउंड दिसत होतं, कडुलिंबाखालचा तो सिमेंटचा बाक, आणि तो रिकामा.

तू परत खेळ असं मी म्हणत नाही. डॉक्टरने सांगितलंय ते सगळं पाळ, फिजिओथेरपी चुकवू नकोस, जिना उतरताना कठडा धर. फक्त तेवढं ‘फिरकायचं नाही’ हे मागे घे. चौदा वर्षांखालची पोरं संध्याकाळी तिथे खेळतात ना अजून? त्यांना पिव्होट, एक पाय रोवून दुसऱ्यावर वळणं, कोण शिकवतं? तुझ्यासारखा पिव्होट जिल्ह्यात कुणाचा नव्हता, हे मी तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही, आता लिहून देतो.

माझा कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतोय. मुंबईला उतरलो की दोन दिवसांत मिरजेला पोचतो. पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला बाकावर भेटू. पंप आणि सुई मी घेऊन येतो. चहा स्टेशनरोडवरून आणू, तुला चालायला लावत नाही. गण्यालाही मी फोन करणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

बॉल पुतण्याकडून परत मागू नकोस. त्यालाच सोबत घेऊन ये.

तुझा,
बाळ्या

ता. क. कुयाने विचारलंय, गुडघा उजवा की डावा? त्याचा डावा आहे. कळव.