बॅटरीला शिव्या घालणाऱ्या ताईकडून

मिस्त्रीमामा, नमस्कार.

तुम्ही असलं काही वाचत बसणार नाही, ठाऊक आहे मला. पण तुमच्या हाताखालचा पोरगा सारखा मोबाइलमध्ये असतो, तो दाखवील. त्या दिवशी पैसे विचारले तर "वायरीचे आणि थिंबलचे द्या, बाकी ऱ्हाऊ दे" म्हणालात आणि पुढच्या गाडीखाली शिरलात. आभार मानायला समोर तुमचे दोन पायच उरले. म्हणून हे पत्र.

आमची मारुती आठशे १९९८ ची. आप्पांनी घेतलेली, तीन सिलेंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली. विकून टाक म्हणणारे घरात चार जण आहेत. पण सासूबाईंना आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिसला न्यायचं असतं आणि नव्या गाडीचे पैसे त्यातच जातात. पहाटे सहाला किल्ली फिरवावी आणि नुसतं 'टक' वाजावं, मागच्या सीटवर त्या शाल घेऊन गप्प बसलेल्या. काय होतं पोटात, ते सांगत नाही.

तुमच्याकडे यायच्या आधी दोन गॅरेज झाली होती. एकानं बॅटरी बदलली, तीन आठवडे बरे गेले. दुसऱ्यानं सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, उतरवून तिचे कार्बन बदलले, दहा दिवस बरे गेले. मग तो म्हणाला, आता बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बघायला लागेल. शंभर फुटी रस्त्यावर कुणीतरी तुमचं नाव सांगितलं, तेव्हा खरं तर मी भंगारवाल्याला भाव विचारून आले होते.

तुम्ही बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलंत, "टक एकदाच वाजतंय का टकटकटक? हेडलाइट लावून सेल्फ मारला तर लाइट मरतोय का?" एकदाच वाजतं, लाइट तसाच राहतो, असं म्हटल्यावर तुम्ही हसलात. "मग बॅटरीला कशाला शिव्या घालताय ताई? बॅटरी मेली असती तर लाइटबी मेला असता."

मला चार-पाच वेळा सेल्फ मारायला लावलात आणि खाली बोलावून म्हणालात, ही रेसची, म्हणजे ॲक्सिलरेटरची, केबल धरून बघा. धरली. चांगली गरम लागली! गाडी चालू झालेली नाही, इंजिन थंडगार, आणि केबल गरम. मी तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही सांगितलंत ते अजून तसंच कानात आहे: "करंट जातोय बराबर. परत यायला वाट न्हाई, म्हणून ह्या केबलीतनं घुसतोय." इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, त्यामुळे बॉडीला ते नीट टेकत नाही, त्याला परतीची स्वतःची जाड वायर लागते, हे पंचवीस वर्षं गाडी चालवून मला माहीत नव्हतं.

मग मीटर काढलात. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर १२.६. सेल्फ मारताना, तो फिरत नसतानाही, १२ च्या आसपास. नंतर एक सळई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी थेट इंजिनवर धरलीत. किल्ली बंद असताना शून्य. सेल्फ मारला आणि आकडा चारच्या वर. "हितं अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको," म्हणालात. जंपरची काळी केबल मायनसपासून इंजिनला लावली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. एकही पार्ट बदललेला नव्हता तोवर.

इंजिनकडे जाणारी अर्थिंगची वायर सोडवलीत तेव्हा थिंबलखाली, म्हणजे वायरीच्या टोकाला असलेल्या धातूच्या कड्याखाली, हिरवट-पांढरी पूड निघाली. ती २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराची. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे सांगलीत पोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं आणि आमची गाडी गावभागात सीटपर्यंत बुडाली. नंतर आम्ही ऑइल बदललं, गालिचे वाळवले, कुबट वास जावा म्हणून महिनाभर दारं उघडी ठेवली. या बोल्टकडे बघायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. बॅटरी बदलताना, सेल्फ काढताना वायरी हलल्या म्हणून तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, हेही तुम्हीच सांगितलंत. तिथवर बापडी बॅटरी बदनाम.

घासपेपरनं बोल्टाखालचा पत्रा चकचकीत केलात, नवं थिंबल दाबलंत, वर व्हॅसलीन. परत मीटर: ०.२. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, हेही माझ्याकडून दोनदा वदवून घेतलंत.

तुमच्या त्या शिकवणीचा उपयोग झाला, मामा. गेल्या महिन्यात अंकलीच्या अलीकडे टेंपरेचरचा काटा चढला. बाजूला घेतली. रेडिएटरचं झाकण उघडलं नाही, शपथ. पाऊण तास थांबले, रिझर्व्हमध्ये कूलंट होतं, पंख्याचा फ्यूज बघितला, शाबूत. मग इंजिन तापलं की पंखा चालू करणाऱ्या थर्मोस्विचचा सॉकेट काढून त्याची दोन टोकं तारेच्या तुकड्यानं जोडली आणि पंखा भर्रकन फिरला! म्हणजे पंखा बरा, स्विच गेला. तशीच पंखा चालू ठेवून घरी आणली. शेजारी उभा असलेला उसाचा ट्रॅक्टरवाला मला मेकॅनिक समजला. मीही काही बोलले नाही.

मंगळवारी सकाळी गाडी घेऊन येते. डावीकडे पूर्ण वळवली की पुढच्या चाकातून कटकट येते. वाकून बघितलं, चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटवरचा बाहेरचा रबरी बूट फाटलाय आणि ग्रीस रिमच्या आत उडालंय. जॉइंट वाचतोय का तेवढं बघा. या वेळी मजुरी घ्यायची, आणि भडंगाची पिशवी पोराला देणार आहे, तुम्हाला नाही.

तुमची,
आठशेवाली ताई, गावभाग