मनगटाची काळजी

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

संध्याकाळ झाली की मनगट ठणकतं, असं काल फोनवर म्हणालीस, तेव्हापासून मनात तेच घोळतंय. लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड नि माऊस घेच.

कीबोर्डच्या मागे दोन छोटे पाय असतात, ते उघडू नकोस. मी कित्येक वर्षं ते उभे करूनच टाइप केलं. त्याने पंजा मनगटातून वर वाकलेला राहतो. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन मला जाग यायची. डॉक्टरांनी आधी कीबोर्ड कसा ठेवता, हेच विचारलं. पाय मिटले, खुर्ची थोडी उंच केली, कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ राहू लागला आणि हळूहळू झोप लागायला लागली. तुझ्यावर ती वेळ यायला नको.

दुसरं उजव्या खांद्याचं. 104 कळांच्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा चौकोन असतो, त्यामुळे माऊस लांब जातो आणि हात दिवसभर ताणलेला राहतो. तुझं काम सगळं लिखाणाचं. 87 कळांचा घे, माऊस जवळ येईल.

मेकॅनिकल कीबोर्डचा, म्हणजे प्रत्येक कळेखाली वेगळी स्प्रिंग असलेल्याचा, मोह होईल. त्याची कळ साधारण 4 मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर बहुतेक निम्म्यातच उमटतं, म्हणून कळा बडवू नकोस, हलक्या हाताने चालव. खटखट आवाजाचा मात्र नको, खोलीत तू एकटी नाहीस. मराठी अक्षरं छापलेला शोधत बसू नकोस. इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगची प्रमाण मांडणी, कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये असतं, कुठल्याही कीबोर्डवर चालतं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. आठवड्याभरात बोटांना सवय होईल.

ब्लूटूथवाला घेतलास तरी एक वायरचा जवळ असू दे. लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथचा कीबोर्ड बहुधा चालत नाही. माऊस डाँगलवाला असेल, म्हणजे यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरवर चालणारा, तर डाँगल बाहेरच्या हार्ड डिस्कच्या शेजारी लावू नकोस. अशी यूएसबी 3 ची, म्हणजे वेगवान यूएसबीची, उपकरणं डाँगलच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये अडथळा आणतात आणि स्क्रीनवरचा बाण अडखळतो. छोटी एक्स्टेंशन केबल लावून तो जरा लांब ठेवलास की झालं.

माऊस न धरता घेऊ नकोस. तळहात त्यावर नीट टेकला पाहिजे, नुसत्या बोटांनी चिमटीत धरावा लागला तर तो लहान आहे.

लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. कुठली पोर्टं आहेत ते बघून सांगते, तोवर काही मागवू नकोस.

तुझी,
आई