नागीण डोळ्यावर उठली तर थांबू नका

महोदय,

कापूस वेचणीच्या दिवसांत मायच्या कपाळावर डाव्या बाजूनं फोड उठले. नागीण म्हणून गावात गेरू लावला, मंतरलेला दोरा बांधला. एक फोड नाकाच्या शेंड्यावर होता. डोळ्याला धोका असल्याची ती खूण, हे आम्हाला माहीतच नव्हतं. खपल्या पडल्या आणि आम्ही निर्धास्त झालो.

तिसऱ्या आठवड्यात मिरच्या वाळू घालताना माय म्हणाली, "या मिरच्या मातकट काऊन दिसून रायल्या?" उजवा डोळा झाकला की तिला लाल रंग विटलेला दिसे. यवतमाळला नेलं, तर डोळ्यामागच्या नसेला सूज! असं क्वचितच होतं, पण फोड सुकल्यावरही होऊ शकतं.

नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू; तो नसांत वर्षानुवर्षे दडून राहतो. अॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या शक्यतो ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. आमचे ते तीन दिवस गेरूत गेले, याची टोचणी मला आजही आहे.

कपाळावर नागीण दिसली की त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवा, एवढं आशाताईंच्या प्रशिक्षणात सांगितलं जावं. मायला त्या डोळ्यानं आता सुईत दोरा ओवता येत नाही.

— एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ